कापलेली स्ट्रिप

2025 ची आषाढी, दशमीची संध्याकाळ. पंढरपुरात ज्यांचं दुकान आहे त्यांना त्या संध्याकाळचं वर्णन करायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा की माझ्या मेडिकलच्या पायरीपासून समोरच्या गटारीपर्यंत आठेक फूट अंतर आहे आणि त्या दिवशी ते ओलांडायला पाच मिनिटं लागतात. सकाळपासून त्याच त्या वस्तू खपत होत्या: फोडांचं मलम, कापूस, बँडेज, जुलाबाच्या गोळ्या, ओआरएस. त्या गर्दीतून एक बाबा काउंटरला येऊन टेकले. सत्तरीचे असावेत. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, पायांत टायरच्या चपला. कंबरेच्या पिशवीतून त्यांनी प्लास्टिकची डबी काढली आणि डबीतून स्ट्रिपचा एक तुकडा.

"माउली, हीच द्या. शुगरची हाय."

पाच घरांचा तुकडा. दोन घरं फुटलेली, तीन गोळ्या शिल्लक. मी तो उलटा केला. मागच्या चंदेरी कागदावर कात्री अशी फिरली होती की औषधाच्या नावातलं शेवटचं दीड अक्षर उरलं होतं, त्याखाली "500 मि.ग्रॅ." आणि "एसआर", म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, एवढंच. एक्सपायरी गेली, बॅच गेली, कंपनीही गेली. गोळी लांबट, दोन थरांची, अर्धी पांढरी आणि अर्धी पिवळसर.

दोन थर आणि 500 एसआर म्हटल्यावर पांढरा भाग मेटफॉर्मिनचा, म्हणजे शुगरच्या नेहमीच्या औषधाचा असणार, एवढा अंदाज बांधता येतो. पिवळा थर बहुतेक ग्लिमेपिराइड या शुगरच्याच दुसऱ्या औषधाचा. पण किती? एक मिलिग्रॅम की दोन? आणि ग्लिमेपिराइडच कशावरून? रंगावर तर अजिबात जाता येत नाही. एकाच औषधाला दहा कंपन्यांचे दहा रंग असतात.

"बाबा, चिठ्ठी?"

"चिठ्ठी घरी. पोरानं डब्बीत टाकून दिल्या. त्याला फोन लावा की."

फोन लावला. दशमीला पंढरपुरात फोन लागत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, तरी लावला. मग त्यांना आत बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि पोऱ्याला सांगितलं की दर दोन मिनिटांनी हा नंबर फिरवत राहा.

"उद्या उपवास?" मी विचारलं.

"मग! एकादशीला वारकरी जेवतो व्हय? निर्जळी हाय."

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला कारण आहे. तेच आज लिहायला बसलोय.

मी डॉक्टर नाही. डी. फार्म. आहे, सत्तावन्न वर्षांचा आहे आणि तीस वर्षं याच काउंटरमागे उभा आहे. शिवाय 2013 पासून मी स्वतः शुगरचा पेशंट आहे. हे वर्ष नेमकं लक्षात राहायचं कारण असं की त्याच जूनमध्ये सरकारनं पायोग्लिटाझोन या शुगरच्या औषधावर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात मूत्राशयाच्या कॅन्सरचा इशारा छापण्याच्या अटीवर ती उठवली. फळीवरची खोकी काढून खाली ठेवली, परत वर चढवली, आणि त्या धांदलीत चक्कर आल्यासारखं झालं म्हणून सहज रक्त दिलं. फास्टिंग 168, जेवणानंतरची 260, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 8.4 (पुढचे असे आकडे याच तपासणीचे). डॉक्टरांनी मेटफॉर्मिन 500 सकाळ-संध्याकाळ लिहून दिली. दोन वर्षांत 6.9 वर आलो आणि मला वाटलं, जिंकलो.

2017 ला 8.3 झाली. डॉक्टर म्हणाले, दुसरी गोळी जोडू. मी म्हणालो, तीन महिने द्या, चालायला सुरुवात करतो. चाललोही, नदीकाठानं दोन आठवडे. पुढच्या वेळी पुन्हा तेच, "अजून तीन महिने." अशा तीन-तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. गोळी वाढली म्हणजे आजार वाढला, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलेलं आहे की रोज शंभर माणसांना दोन-दोन, तीन-तीन गोळ्या मोजून देणारा मीही त्यातून सुटलो नाही. गिऱ्हाइकाला सांगायचो, "काका, घ्या, काही होत नाही." स्वतः मात्र एकाच गोळीवर अडून बसलो, जणू दुसरी घेतली तर कुणी माझ्या कपाळावर शिक्का मारणार होतं.

मेटफॉर्मिन काय करते ते मला पाठ होतं. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं, तिला ती लगाम घालते. थोडीफार इतर कामंही करते. स्वस्त आहे, जुनी आहे. तिचं मूळ युरोपातल्या एका शेंगवर्गी रानटी झाडात आहे आणि 1957 मध्ये जाँ स्टर्न नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ती मधुमेहासाठी पुढे आणली. पण मधुमेह काही फक्त यकृतातून येत नाही. स्वादुपिंड थकत जातं, स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत, आतड्याकडून जेवणानंतर जो इशारा जायला हवा तो मंदावतो, मूत्रपिंड साखर बाहेर टाकायच्या ऐवजी गोळा करून परत आत घेतं. एका बाजूनं कुलूप लावून पाच दारांचं घर राखता येत नाही, एवढी साधी गोष्ट. मी मात्र त्या एकाच कुलपाची किल्ली खिशात घालून फिरत होतो.

2019 ला 9.4 आली तेव्हा घाबरलो आणि मेडिकलवाल्यानं करू नये ते केलं. स्वतःच्या फळीवरून स्वतःच ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500 अशी जोडगोळी काढून सुरू केली. चिठ्ठी नाही, कुणाला विचारणं नाही. महिनाभरानं थोडा शरमून डॉक्टरांकडे गेलो, पण हे पराक्रम त्यांना सांगितले नाहीत. त्यांनी रिपोर्ट बघून तिहेरी गोळी लिहिली: ग्लिमेपिराइड 1, मेटफॉर्मिन 500 आणि व्होग्लिबोज 0.2. नवी सुरू केली. जुनी डब्यात होतीच. दोन्ही पाकिटांवर वेगवेगळी नावं, वेगवेगळे रंग. पहिली जुनी, दुसरी डॉक्टरांची, असं मनात धरून दोन्ही घेत राहिलो. तीन-चार दिवस निभावलं, कारण सकाळी घरून भाकरी-भाजी खाऊन निघायचो. पाचव्या दिवशी एकादशी आली.

सकाळी सवयीनं दोन्ही गोळ्या घेतल्या. वर बिनसाखरेचा चहा आणि अर्धं केळ. पावणेबाराला एक चिठ्ठी हातात होती, लहान मुलाच्या तापाचं औषध होतं, आणि अक्षरं ओळीवरून घसरायला लागली. पहिल्यांदा वाटलं चष्मा बदलला पाहिजे. मग मानेवरून घाम उतरला, उन्हाळा नव्हता तरी. हात एवढा थरथरत होता की बाटलीचं खोकं फळीतून काढताना शेजारची तीन खाली पाडली. समोरच्या बाईनं काहीतरी विचारलं आणि मला तिचा राग आला, विनाकारण, अगदी ओरडावंसं वाटण्याइतका. शुगर उतरल्यावर असा राग येतो हे मी लोकांना सांगत आलो होतो. स्वतःला येतो तेव्हा तो खराच वाटतो.

ही वरच राहते, दुकानाच्या माथ्यावर आमचं घर. पोऱ्यानं हाक मारली तशी ती खाली आली, मला स्टुलावर बसवलं, मशीन काढलं. 52. तिनं तांब्यात चार चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई टोचली. 58. "अहो, चढत का नाही?" ती रडकुंडीला आली होती. माझं डोकं चालत नव्हतं आणि मी निव्वळ भिंतीकडे बघत होतो. समोरच्या फळीवर ग्लुकोज पावडरचे डबे ओळीनं होते. त्यांच्याकडे बघता बघता कुठून तरी आठवलं, व्होग्लिबोज. मी ते शब्दही नीट उच्चारू शकलो नाही, बोटानं डबा दाखवला.

व्होग्लिबोजचं काम आतड्यात असतं. साखर आणि पिठूळ पदार्थ फोडणाऱ्या पाचकरसांना ते अडवतं, म्हणून जेवणानंतरची शुगर एकदम उसळत नाही. त्याच कारणानं ते पोटात असताना घरची साखर किंवा गूळ पाजला तर तोही लवकर फुटत नाही. तयार ग्लुकोज मात्र फोडावं लागत नाही, ते सरळ रक्तात जातं. पावडरीचे तीन मोठे चमचे पाण्यातून घेतले आणि वीस मिनिटांत 96 झाली. हे वाक्य मी कित्येक वर्षं काउंटरवर म्हणत आलोय: "ही पहिल्या घासाबरोबर घ्यायची." पहिला घासच नसेल तर काय, हे कधी पुढे बोललो नव्हतो.

ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी मुळात कशी सापडली ते मला नंतर वाचायला मिळालं. 1942 मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरात टायफॉइडच्या पेशंटना एक नवं सल्फा औषध देऊन बघत होते आणि त्यांची शुगर धाडकन खाली गेली. म्हणजे ही जात जन्मलीच लो शुगरमधून. स्वादुपिंडाला टोचणी लावून इन्शुलिन काढायला लावते, तुम्ही जेवलात की नाही याची तिला पर्वा नसते. औषध वाईट नाही. स्वस्तात शुगर उतरवते. पण ती घेऊन जेवण चुकवायचं नाही, आणि दोन पाकिटांतून दोनदा तर नाहीच नाही.

त्या प्रसंगानंतर शहाण्या माणसानं डॉक्टरांना खरं सांगितलं असतं. मी सगळ्या जोडगोळ्या बंद करून पुन्हा एकट्या मेटफॉर्मिनवर आलो. वर कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्री भिजवलेली मेथी. मेथीवर माझा राग नाही, तिच्या भाजीवर तर प्रेम आहे. पण साडेनऊची शुगर मेथीवर सोडून देणं म्हणजे पुराच्या पाण्याला केरसुणीनं थोपवणं. मग 2020 आलं, आम्ही मेडिकलवाले रात्रंदिवस उभे, रिपोर्ट कोण करतो. 2021 च्या जानेवारीत केला तेव्हा 10.6. म्हणजे तीन महिने रक्तात सरासरी अडीचशेच्या वर साखर फिरत होती. तळपायांची आग होत होती, रात्री पाय चादरीबाहेर काढून झोपायचो.

मुलगा पुण्याहून आला आणि काही न बोलता सोलापूरला घेऊन गेला. तिथल्या फिजिशियन मॅडमनी पहिल्यांदा डबा उपडा करायला लावला. मी सगळी पाकिटं बरोबर नेली होती. त्यांनी एकेक उचलून, नाव बाजूला ठेवून, खालची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. "यात ग्लिमेपिराइड. यातही ग्लिमेपिराइड. तुम्ही फार्मासिस्ट ना हो?"

मी खाली बघितलं.

मग त्यांनी लॅबच्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाण्याची टाकी काढली. सोलापुरात तेव्हा काही दिवसांआड पाणी यायचं, टाकी हे तिथलं सगळ्यांना कळणारं चित्र होतं. वरून एक नळ सोडला, त्यावर लिहिलं "यकृत", आणि त्यावर चावी काढून "मेटफॉर्मिन". दुसरा नळ "जेवण". बाजूला एक पंप काढला, पाणी उपसून खालच्या शेताला देणारा, तो स्वादुपिंडाचा. "हा पंप जुना झालाय. ग्लिमेपिराइड म्हणजे याला जास्त व्होल्टेज. ग्लिप्टिन जातीचं औषध दिलं तर पंप चालतो, पण मुख्यतः जेवणाचा नळ सुरू असतो तेव्हाच. म्हणून त्यानं एकट्यानं शुगर सहसा लो होत नाही." मग टाकीच्या गळ्याशी त्यांनी एक आडवा पाइप काढला. "ओव्हरफ्लो. हे डापाग्लिफ्लोझिन. जास्तीची साखर सरळ लघवीवाटे."

तो कागद माझ्याकडे अजून आहे. मागे 10.6 आणि पुढे टाकी.

मी विचारलं, एकदम तीन? एकेक करून चढवत नाही का? त्या म्हणाल्या, एकेक करून चढवायला आपण चार वर्षं घालवली, आता किती घालवायची? ब्रिटनमध्ये 1977 पासून वीस वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं. 5102 नव्या पेशंटना घेऊन तो केला होता. एकाच औषधावर ठेवलेल्यांपैकी तीन वर्षांनी जेमतेम निम्म्यांची शुगर हद्दीत राहिली, नऊ वर्षांनी चौथ्या हिश्श्याची. कुणी चुकलं म्हणून असं झालं नव्हतं. निदान होतं त्याच दिवशी स्वादुपिंडाची साधारण निम्मी ताकद गेलेली असते आणि उरलेली घसरत राहते. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. चार वर्षं मी स्वतःला आळशी, खादाड, नेभळट म्हणत होतो. आळशी होतोच, पण दुसरी गोळी लागणार होती ती तशीही लागणार होती. 2019 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाचे निकाल आले, साधारण दोन हजार नवे पेशंट, पाच वर्षं. मेटफॉर्मिन आणि विल्डाग्लिप्टिन पहिल्या दिवसापासून बरोबर दिलेल्यांची शुगर जास्त काळ ताब्यात राहिली. आधी एक आणि बिघडल्यावर दुसरी असं केलेल्यांची लवकर सुटली.

त्यांनी इन्शुलिनचंही नाव काढलं. तीन महिन्यांत साडेआठच्या खाली आला नाहीत तर रात्रीचं इन्शुलिन, तेव्हा मात्र "अजून तीन महिने" ऐकणार नाही. मी मान डोलावली.

चिठ्ठी अशी होती: विल्डाग्लिप्टिन 50 आणि मेटफॉर्मिन 500 एकत्र, सकाळ-रात्र जेवणाबरोबर, आणि सकाळी डापाग्लिफ्लोझिन 10. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद, "एकादश्या करता म्हणून," असं म्हणाल्या. माझं नशीब असं की ही दोन्ही औषधं नुकतीच आवाक्यात आली होती. विल्डाग्लिप्टिनचं पेटंट 2019 च्या डिसेंबरात संपलं आणि एका गोळीला वीसच्या पुढे मोजायला लागायचे ते पाच-सात रुपयांवर आलं. डापाग्लिफ्लोझिनचं 2020 च्या ऑक्टोबरात. पुढे 2022 ला सिटाग्लिप्टिनचं संपलं तेव्हा जनऔषधी केंद्रात 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या साठ रुपयांना आल्या. 2025 च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनची पाळी आली आणि माझ्या दुकानात एमआर लोकांची, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची, वारी लागली. जो तो नवा ब्रँड घेऊन यायचा, आणि आदल्या दिवसापर्यंत साठाच्या आसपास असलेली गोळी कुणी दहाला द्यायला लागला, कुणी आठला. ज्या गोळ्या मी पूर्वी फक्त पेन्शनवाल्या साहेबांना द्यायचो त्या आता भाजीवाल्या मावशी घेतात. हा फरक मी काउंटरवरून डोळ्यांनी बघितला आहे.

ओव्हरफ्लोचं थोडं सांगतो, कारण त्याबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरलेले येतात. मूत्रपिंड रोज साधारण 180 ग्रॅम साखर गाळतं आणि निरोगी माणसात ती सगळीच्या सगळी परत ओढून घेतं. हे औषध ती ओढ कमी करतं, मग दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीतून जाते. मूठभर साखर रोज शौचकुपात, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. या औषधांचा मूळपुरुष 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेला, आणि दीडशे वर्षं त्यावरून शुगरचं औषध करायचं कुणाला सुचलं नव्हतं. आता हृदय कमजोर असलेल्यांना आणि किडनीच्या पेशंटनाही डॉक्टर ते मुद्दाम देतात. मात्र साखर जिथून जाते तिथे बुरशी धरते. मलाही दुसऱ्या महिन्यात खाज सुटली. मेडिकलवाला असून मलम मागायची लाज वाटली, स्वतःच्याच दुकानात! दर वेळी पाण्याने धुणं आणि कोरडं ठेवणं, एवढ्यावर ते गेलं. लघवीच्या तपासणीत साखर चार प्लस येते, तेव्हा लॅबच्या पोराला आधीच सांगायचं, म्हणजे तो दचकत नाही. आणि उलट्या-जुलाब लागले, ऑपरेशन ठरलं किंवा कडक उपास धरला तर ही गोळी चालू ठेवायची की नाही ते डॉक्टरांना विचारायचंच. शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं, ते धोक्याचं असतं. निर्जळी एकादशी मॅडमनी मला सक्त मना केली. दूध, ताक, फळं, भगर-आमटी असं चालतं. पांडुरंगानं अजून तक्रार केलेली नाही.

तीन महिन्यांनी 8.1. इन्शुलिन टळलं, निदान तेव्हापुरतं. नऊ महिन्यांनी 7.2, वजन चार किलोनं कमी. तळपायांची आग मात्र पूर्ण जाईना, तेव्हा मॅडमनी बी-ट्वेल्व्ह तपासलं. 140. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि मी तर माळकरी, अंडंसुद्धा नाही. दोन्हीकडून मार. इंजेक्शनं घेतली, आता रात्री पाय चादरीत असतात. पंढरपुरात माळ घातलेले आणि मेटफॉर्मिन घेणारे हजारोंनी असतील. जो कुणी माझ्याकडे पायाला मुंग्या म्हणून येतो त्याला मी एवढं तरी विचारतो, बी-ट्वेल्व्ह कधी केलं होतं?

जोडगोळ्यांबद्दल माझं मत सरळ आहे. पाच गोळ्यांच्या दोन झाल्या तर माणूस विसरत नाही, खर्चही बहुधा कमी होतो. पण एकाच गोळीत तिघं बसले की एकाला उठवता येत नाही. किडनीचा रिपोर्ट उतरला आणि मेटफॉर्मिन कमी करायची झाली तर अख्खी गोळी बदलावी लागते. काही मिसळी तर कशासाठी केल्या होत्या देव जाणे. 2018 च्या सप्टेंबरात सरकारनं 328 मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यांत मधुमेहाच्याही काही होत्या. मी स्वतः त्यांतल्या काही वर्षानुवर्षं विकल्या होत्या, खोटं का बोलू.

आणि एसआर गोळी तोडायची नाही, चावायची नाही. तिच्यातलं औषध तासन् तास हळूहळू सुटावं अशी तिची बांधणी असते. एक मावशी एकदा रागानं आल्या होत्या, कागदाच्या पुडीत काय आणलं होतं ते सांगत नाही. "तुमची गोळी विरघळतच नाही, तशीच बाहेर पडली!" ते गोळीचं रिकामं टरफल असतं, औषध केव्हाच पोटात गेलेलं असतं. हे त्यांना पटवायला मला पाऊण तास लागला आणि पुडी तेवढा वेळ काउंटरवर होती.

हां, तर बाबा.

पाऊण तासानं त्यांच्या मुलाचा फोन लागला. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवला, तो उघडायला आणखी दहा मिनिटं गेली. ग्लिमेपिराइड 2, मेटफॉर्मिन 500 एसआर. सकाळी नाश्त्याआधी एक. वरती परभणीकडच्या एका डॉक्टरांचा नंबर होता. तो मात्र पहिल्या झटक्यात लागला. मी परिस्थिती सांगितली आणि फोन बाबांच्या कानाला लावला. डॉक्टर त्यांना "आबा" म्हणत होते, पलीकडचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. आबा, निर्जळी करायची नाही. उद्या ही गोळी घ्यायची नाही. फराळाबरोबर नुसती मेटफॉर्मिन घ्या. परवा पारणं झालं, पोटभर जेवलात, की आपली नेहमीची सुरू.

बाबांनी फोन परत दिला. चेहरा पडला होता. "चाळीस वर्सं झाली वारीला. पाण्याचा थेंब घेत न्हाई मी एकादशीला."

मी त्यांना माझी 52 ची गोष्ट सांगितली. सगळी नाही, स्टूल आणि तांब्यापर्यंत. ते ऐकत होते, आणि मधेच म्हणाले, "घाम येतो व्हय? मागल्या वारीला वाखरीत मला आला हुता. मला वाटलं माउलींनी अंगात घेतलं."

डॉक्टरांनी मेसेजवर लिहून दिलेल्या साध्या मेटफॉर्मिनच्या चार गोळ्या आणि पारण्यानंतरच्या दोन थरांच्या दहा, अशी दोन वेगळी पाकिटं केली. मी आता स्ट्रिप कापताना नाव छापलेली बाजू गिऱ्हाइकाला देतो आणि उरलेला तुकडा खोक्यातच ठेवतो, खोक्यावर बॅच असते. तरीही दोन्ही पाकिटांवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून उद्याच्या पाकिटावर एक केळ काढलं आणि परवाच्या पाकिटावर भाकरी. माझी चित्रकला बघून ही वरच्या पायरीवरून हसली. बाबांनी पाकिटं डबीत ठेवली, मग डबी पुन्हा उघडली आणि केळाचं पाकीट वर आणून ठेवलं.

"आता पाणी पिऊ का? अजून दशमीच हाय ना?"

मी तांब्या पुढे केला.